डोक्यावरचे ठिपके

आमच्या अम्मीला घुबड चालत नसे. तिन्हीसांजेला अंगणातल्या कडुलिंबावर पिंगळ्याची जोडी कलकलू लागली, की ती चुलीजवळचा चिमटा वाजवून तिला हाकलायची. 'मनहूस' म्हणायची. पुढे याच कुळातल्या एका पाखरासाठी आपला मुलगा सातपुड्याच्या वाऱ्या करील, असं कुणी सांगितलं असतं, तर तिनं आधी माझी दृष्ट काढली असती.

ते पाखरू म्हणजे रानपिंगळा. पहिला नमुना १८७२ साली आजच्या छत्तीसगडच्या भागात मिळाला. त्यानंतर खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी १८८४ पर्यंत आपल्याकडच्या रानातून आणखी काही मिळवले. पुढे पक्षी जणू नाहीसाच झाला. पुरावा एवढाच उरला, की रिचर्ड माइनर्टझहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक नमुना होता आणि त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : १९१४, मांडवी, गुजरात. ती चिठ्ठी खरी मानून लोक शोधत राहिले. सलीम अलींसारख्या जाणत्यालाही पक्षी सापडला नाही. सापडणार कसा? चिठ्ठीच खोटी होती. डेव्हिडसन यांचाच एक नमुना संग्रहालयातून चोरून, नव्यानं सजवून, त्याला ती बांधली होती.

अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी ओळखली. खऱ्या चिठ्ठ्यांवरची तेवढी ठिकाणं धरून त्या बेन किंग आणि डेव्हिड अबॉट यांच्यासह निघाल्या. पूर्वेकडच्या रानात काही हाती लागलं नाही. नोव्हेंबर १९९७ मध्ये मात्र शहाद्याजवळच्या टेकड्यांत, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, सकाळच्या उजेडात उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी! त्यांनी त्याला मारलं नाही, त्याचं चित्रीकरण केलं.

ही हकीकत मी कवी-मित्रांना रंगवून सांगत असे. माइनर्टझहागेनला शिव्या घालताना तर मला भलताच चेव येई. आता माझी हकीकत सांगतो.

२०१२ च्या हिवाळ्यात एक जुना कॅमेरा आणि हप्त्यावर घेतलेली लेन्स घेऊन मी तोरणमाळच्या वाटेला लागलो. फजरची नमाज आटोपून रोज रान धुंडाळायचं. तिसऱ्या दिवशी सागाच्या फांदीवर पिंगळा दिसला. फोटो काढला. घरी येऊन संगणकावर मोठा करून पाहिला, तर डोक्यावर पांढुरके ठिपके! गावातल्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर असे ठिपके असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ ठिपक्यांविना असतं, पंखांवर आणि शेपटीवर ठळक पट्टे असतात आणि पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले असतात. हे सगळं मला पाठ होतं. तरी मी मनाशी म्हटलं, उजेडाचे कवडसे असतील. कवितेत चाललं असतं. फोटो एका साप्ताहिकाला दिला, खाली जागेचं नाव लिहून. तो छापून आला. पुढच्या कविसंमेलनात माझी ओळखसुद्धा रानपिंगळ्यासकट करून दिली गेली.

महिन्याभरानं त्या वाटेवरचा एक पावरा तरुण भेटला. कात्रण त्याच्याकडे आधीच पोचलं होतं. पुण्याहून दोन विद्यार्थी तेच घेऊन आले होते आणि त्या वळणावर दोन दिवस उन्हात बसून रिकाम्या हातानं परतले होते. "चाचा," तो म्हणाला, "याच्या डोक्यावर ठिपके आहेत ना?" त्यानं एवढंच विचारलं. मला चिठ्ठी आठवली.

दुरुस्तीचं पत्र घेऊन गेलो, तर संपादक म्हणाले, "सोडा हो, कोण बघतंय!" शेवटी तीन आठवड्यांनी आतल्या पानावर चार ओळी आल्या.

पुढच्या थंडीत मी त्या तरुणाबरोबरच गेलो. माझ्या मोबाइलमध्ये रानपिंगळ्याचा आवाज होता. तो वाजवू लागताच त्यानं माझा हात धरला. "बोलावलं तर येतो तो. दुसरा नर घुसला, असं वाटतं त्याला. ढोलीत पिल्लं असतील तर?" मी मोबाइल खिशात टाकला. दोन सकाळी नुसत्या गेल्या. तिसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर, एका वाळक्या शेंड्यावर तो दिसला. आखूड, जाडजूड पक्षी, शेपटी झटक्याझटक्यानं डावी-उजवीकडे हलवत होता. माझे हात असे कापत होते, की सहापैकी पाच फोटो हलले. सहाव्यात अर्ध्या तोंडावर सागाचं पान आलं आहे. कुठलंही साप्ताहिक तो छापणार नाही.

(ती जागा मी वनखात्याच्या माणसांना सांगितली आहे. इथे सांगत नाही. आजकाल एका फोटोमागे दहा गाड्या पोचतात.)

खाली उतरल्यावर त्या तरुणानं कॅमेरा मागून घेतला. फोटो मोठा करून आधी डोकं पाहिलं, मग पाय, मग शेपटीचे पट्टे. बराच वेळ पाहत होता. मी उगाच बुटाची नाडी बांधत बसलो.

"आता लिहा, चाचा," तो म्हणाला.