लांबीखालचा गंज

माझी सगळी नोकरी ईएमईत झाली. सैन्याची गाडी, तोफ, रडार काहीही बिघडलं की ज्यांना हाक मारतात ते आम्ही. निवृत्तीनंतर सिकंदराबादलाच स्थायिक झालो. आज मला बोलायचं आहे पत्र्याबद्दल. जुन्या गाड्यांची आवड असलेली मंडळी बहुतेक इंजिनाबद्दल बोलतात. पण इंजिन खोलता येतं, घासता येतं, पुन्हा बसवता येतं. जुनी गाडी खरी मरते ती गंजून.

माझ्याकडे निसान वन टन आहे. फौजेत तिला नुसतं 'वन टन' म्हणत. निसानच्या परवान्यावर जबलपूरला तयार झालेली, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, पुढे ड्रायव्हरची केबिन आणि मागे उघडा हौदा. म्हणजे आजच्या भाषेत पिकअप. जोंगा पुष्कळांना माहीत असते. तिची ही थोरली बहीण समजा. माझी गाडी लिलावातून एका शेतकऱ्याकडे गेली आणि त्याच्याकडून माझ्याकडे आली. आली तेव्हा लांबून चकचकीत हिरवी होती. मी खिशातून लोहचुंबक काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि दारावरून खाली फिरवत गेलो. खालच्या चार इंचांत ते चिकटेचना! तिथे पत्रा नव्हताच. होती ती लांबी.

लांबी म्हणजे काय हे मराठी गॅरेजमध्ये सांगावं लागत नाही. इकडे तिला पुट्टी म्हणतात. पोचा आलेल्या पत्र्यावर पातळ हात देण्यासाठी ती उत्तम वस्तू आहे. रुपयाच्या नाण्याइतकी जाडी, त्याहून जास्त नको. पण लोक तिने भोकं बुजवतात. मग ती आतून पाणी धरते, आणि उरलेला पत्रा वरून छान दिसत दिसत आत कुजत जातो. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी झाडांना आणि दगडांना चुना-गेरू लावायची पद्धत आमच्याकडे आहे, तिचा मी विरोधक नाही. पण ज्या वस्तूवर माणसाचा जीव असतो तिला चुना-गेरू लावू नये.

जीव कसा असतो ते सांगतो. ओळखीतल्या एका तरुणाने हौसेने असाच रंगवलेला जुना पिकअप घेतला. बायको-मुलांना घेऊन घाटात जायचं ठरलं होतं. निघण्याआधी 'एकदा बघा काका' म्हणून गाडी घेऊन आला. मी खाली शिरलो. केबिन चासीला जिथे बोल्टने धरलेली असते, तिथला जमिनीचा पत्रा पेचकस दाबला की आत जात होता. ड्रायव्हरच्या सीटखाली! वरून जाड रबरी मॅट आणि त्याखाली नवा काळा रंग. विकणाऱ्याने सगळं झाकलं होतं. मी त्याला म्हटलं, घाट राहू दे, आधी गाडी माझ्याकडे सोड. तो नाराज झाला, बायको झाली नाही.

म्हणून जुनी गाडी घेताना रंग बघू नका. ज्या ठिकाणी पाणी आणि माती बसते ती ठिकाणं बघा. दाराचा तळ, पायाखालचा पत्रा, पायरी, मडगार्डची आतली घडी, हौद्यात फाळक्याच्या बिजागऱ्या. जिथे दोन पत्रे एकमेकांवर बसवलेले असतात तिथे मधल्या फटीत ओल राहते. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो फुगतो आणि पत्रे एकमेकांपासून फाकवतो. रंगाला बाहेरून फोड दिसला, याचा अर्थ आत काम बरंच पुढे गेलेलं आहे. हातोडीने हलकेच ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, गंजलेला बद्द वाजतो.

माझ्या गाडीसाठी मी एका जुन्या डेंटर उस्तादांकडे गेलो. त्यांनी दारावर हात फिरवला आणि म्हणाले, "साब, पुट्टी मारके देतुं. दिखेंगा बी नई." मी म्हटलं, उस्ताद, दिसलं तरी चालेल, पण पत्रा पत्र्याला जोडा. ते हसले. म्हणाले, असं काम मागणारं गिऱ्हाईक फार दिवसांनी आलं.

इथे एक प्रश्न होता. दाराच्या आतल्या बाजूला टायरमधल्या हवेचा आकडा स्टेन्सिलने लिहिलेला होता. कुण्या ड्रायव्हर जवानाने ब्रश धरून लिहिलेला, रंग थोडा ओघळलेला. पूर्ण दाराचा पत्रा नवा केला असता तर काम सोपं झालं असतं आणि आकडा गेला असता. असले पत्रे बाजारात तयार मिळत नाहीत. जे बनवाल ते तुमचं, जे जाईल ते कायमचं. आम्ही ठरवलं की चांगलं तेवढं राखायचं, पण गंजलेलं एक सूतही ठेवायचं नाही. हे दोन्ही एकत्र सांभाळणं हेच या कामातलं खरं कौशल्य. हात आखडून कापलं तर कडेला गंज राहतो, आणि वेल्डिंगची ज्योत तिथे लागली की पत्रा वितळून भोक मोठं होतं. तेव्हा जिथे चकचकीत धातू लागतो तिथून आणखी इंचभर पुढे खूण करायची.

कापण्याआधी पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवली. नुसती रिकामी केली नाही, काढली. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. बॅटरीच्या तारा सोडल्या, वाळूची बादली ठेवली, आणि एक माणूस फक्त आगीवर नजर ठेवायला.

पुठ्ठ्याचा नमुना कापून त्यावरून १८ गेजचा, म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटरचा, साधा सीआर पत्रा कापला. जीआय घेतला नाही, कारण त्यावरचा जस्ताचा थर वेल्डिंगला जळतो आणि तो धूर छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. तुकड्याचे कोपरे गोल केले. टोकदार कोपऱ्यावर ताण जमतो आणि तडा तिथूनच सुरू होतो.

आता मुख्य गोष्ट. तुकडा जुन्या पत्र्यावर चढवून वेल्ड मारणं सोपं. बहुतेक जण तेच करतात. पण त्यात दोन पत्र्यांमध्ये पुन्हा फट तयार होते, म्हणजे पुढच्या गंजाला तुम्ही स्वतः घर बांधून देता. म्हणून कडेला कड भिडवायची. उस्तादांनी एक टाका इकडे मारला, दुसरा समोरच्या टोकाला, आणि मग विडी पेटवली. पत्र्यावर हात टेकवता येईपर्यंत तिसरा टाका नाही. एका दमात रेघ ओढली तर उष्णतेने पत्रा पापडासारखा उठतो, आणि मग तो बसवायला लांबीच लागते. दर थोड्या टाक्यांनंतर ते मागे लोखंडी डॉली धरून हातोडीने टाका चेपत. चार इंच रुंद पट्टीला दीड दिवस लागला. मधल्या वेळात मी चहाच्या फेऱ्या केल्या. कर्नल लोकांना याहून उपयोगी काम तिथे नव्हतं.

रंगाचं फार सांगत नाही. उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, जोडावर सीलर, मग रंग. आत जिथे वेल्डने प्रायमर जळतो तिथे हात पोचत नाही, म्हणून दाराच्या तळाच्या भोकातून नळी घालून मेणासारखं गंजरोधक फवारलं. ती भोकं पाणी निघून जाण्यासाठीच ठेवलेली असतात. आमच्या पेंटरच्या पोऱ्याने सफाईने काम करताना त्यातली दोन लांबीने बुजवली होती! उस्तादांनी खिळ्याने ती पुन्हा मोकळी केली आणि पोऱ्याला दक्खनीत जे ऐकवलं ते मी इथे सांगणार नाही.

आकडा शाबूत आहे. खाली जोडाची रेघ नीट पाहिलं तर आतून दिसते, ती मी तशीच ठेवली आहे. दर मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधी, सायकलच्या स्पोकने दारांची भोकं साफ करतो. यंदा डावीकडच्या दारातून मूठभर लाल माती आणि एक जुना एक रुपया निघाला.