औषध कुठवर पोहोचते



नाशिक रस्त्याने मोशीला येणाऱ्याला वाटेत सुट्या भागांचे कारखाने दिसतात, चाकणहून निघालेले नव्या मोटारींचे ट्रेलर दिसतात, आणि हा सारा पट्टा वाहनांचाच असे त्याचे मत होऊन जाते. इथले रहिवासीही तसेच सांगतात. पण वाहनांचे मोठे कारखाने येण्याआधी पिंपरीत औषधाचा कारखाना आला होता. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. लोक तिला आजही ‘एच. ए.’ म्हणतात.

पेनिसिलिन बनवणे म्हणजे बुरशी सांभाळणे. प्रचंड टाक्यांत ती वाढवायची, तिला निर्जंतुक हवा अखंड पुरवायची, तापमान ढळू द्यायचे नाही. एखादा परका जंतू आत शिरला की अख्खी बॅच वाया. हे काम या परिसरातली माणसे सत्तर वर्षांपूर्वी शिकली. त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधले. ते ज्या जिवाणूपासून मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावात पिंपरी आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पुढे ही कंपनी आर्थिक संकटात सापडली, हे दुःख सर्वांना ठाऊक आहे. तरी जैवतंत्रज्ञान या भूमीला नवे नाही, एवढे या सभेत आवर्जून सांगायला हवे.

लसी आणि उपचारांच्या ताज्या संशोधनाची आज चर्चा व्हायची आहे. या भाषणात त्यातला एकच प्रश्न धरला आहे: प्रयोगशाळेत सिद्ध झालेली गोष्ट गरजू माणसापर्यंत पोहोचते कशी, आणि अडते कुठे?

याचे सर्वांत बोलके उदाहरण पुण्यातच घडले, आणि मराठीत त्याच्याविषयी फार थोडे लिहिले गेले. सहाराच्या दक्षिणेला सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या देशांत मेंदूज्वराच्या साथी येतात. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांहून अधिक माणसे आजारी पडली आणि सुमारे पंचवीस हजार दगावली. टिकाऊ संरक्षण देणारी लस शास्त्राच्या दृष्टीने शक्य होती. पण त्या देशांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितले की एका डोसला अर्ध्या डॉलरपेक्षा जास्त परवडणार नाही. त्या भावात मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्या तयार झाल्या नाहीत. मग पाथ ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी रीत उलटी केली: किंमत आधी ठरवली आणि त्या किमतीत लस बनवणारा शोधला. सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये स्थापन केलेल्या सीरम इन्स्टिट्यूटने ते काम घेतले. जिवाणूच्या आवरणातली शर्करा प्रथिनाला जोडण्याची पद्धत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतून आली. ती पुण्यात शिकून घेतली गेली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत लसीकरण सुरू झाले. पुढे तीस कोटींहून अधिक लोकांना ही लस मिळाली, आणि त्या पट्ट्यात, ज्याच्यावर ही लस आहे त्या ए गटाच्या मेंदूज्वराचा एकही खात्रीशीर रुग्ण २०१७ नंतर नोंदला गेलेला नाही.

किमतीइतकाच तापमानाचाही अडसर होता. बर्फाच्या पेट्या गावोगाव वाहून न्यायच्या कशा? तपासणीअंती ही लस ४० अंशांपर्यंतच्या उष्णतेत चार दिवस टिकते असे सिद्ध झाले, आणि २०१२ मध्ये बेनिनमध्ये शेवटच्या टप्प्यात ती बर्फाविना नेण्यात आली. भाव आणि तापमान या दोन्हींवरचे हे काम मूळ शोधाइतकेच बुद्धीचे आहे.

हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीने हाच तापमानाचा अडसर कोविडवरच्या एमआरएनए लसीत हाताळला. कॅटलिन कॅरिको आणि ड्र्यू वाइसमन यांना २०२३ चे नोबेल ज्या संशोधनासाठी मिळाले, त्यावर उभ्या राहिलेल्या पहिल्या लसींपैकी फायझरच्या लसीला सुरुवातीला उणे ७० अंशांची साठवण लागे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तसा फ्रीझर कुठून यायचा? जेनोव्हाच्या लसीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली ती २ ते ८ अंशांच्या साठवणीसह, म्हणजे साध्या लसफ्रिजमध्ये राहणारी. साथ ओसरत आल्यावर ती आली, त्यामुळे तिचा वापर थोडाच झाला. तरी शिकलेले तंत्र वाया गेले असे मानणे चूक ठरेल. एमआरएनए लसीत पुढच्या रोगासाठी फक्त आतला जनुकीय संदेश बदलावा लागतो. कारखाना तोच राहतो.

कर्करोगाच्या बाबतीत मुंबईने मोठी मजल मारली. आयआयटी मुंबईचे राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी विकसित केलेल्या नेक्सकार-१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, त्यांत नवे जनुक घालून कर्करोगाच्या पेशीवरची सीडी-१९ ही खूण ओळखायला लावायचे, त्या वाढवायच्या आणि त्याच रुग्णाला परत द्यायच्या. प्रत्येक रुग्णासाठी औषधाची बॅच वेगळी! अमेरिकेतल्या किमतीच्या सुमारे एक दशांशात हे होते. तरीही खर्च कित्येक लाखांचा, आणि चाकणच्या कंत्राटी कामगाराच्या घरात तेवढा पैसा येणार कुठून, हे इथे विचारायलाच हवे. सिकलसेल या रक्ताच्या आजारावरच्या कॅसजेव्ही या जनुकसंपादन उपचाराची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर आहे. गडचिरोली-नंदुरबारच्या सिकलसेलग्रस्त मुलांना त्याचा काय उपयोग? म्हणून दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेचा आपले सिकलसेलवरचे जनुकसंपादन तंत्र सीरमला देण्याचा २०२५ चा निर्णय महत्त्वाचा आहे. मेंदूज्वराच्या लसीसारखी इथेही किंमत आधी ठरवावी, अशी जाहीर मागणी या व्यासपीठावरून करायला हवी.

आता एक अवघड विषय. कोणतीही लस बाजारात येण्याआधी कुणीतरी ती स्वतःवर किंवा आपल्या बाळावर तपासू देतो. रोटाव्हॅक या जुलाबावरच्या लसीची अंतिम चाचणी दिल्ली, पुणे जिल्ह्याचा ग्रामीण भाग आणि वेल्लोर इथल्या ६,७९९ बाळांवर झाली. पुण्याकडचे काम केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने केले. ज्या आयांनी बाळे दिली, त्यांच्यामुळे ही लस २०१६ पासून सरकारी लसीकरणात येऊ शकली. त्यांचे नाव कुठल्या पाटीवर नाही.

उलट उदाहरणही आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीचा प्रकल्प २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत झाला. प्रकल्प त्याच पाथ संस्थेचा होता. खम्मममध्ये अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या. २०१० मध्ये प्रकल्प थांबला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. चांगल्या लसीवरचा विश्वास त्या सह्यांनी कित्येक वर्षे मागे नेला. सीरमची सर्व्हाव्हॅक ही त्याच रोगावरची देशी लस जानेवारी २०२३ मध्ये आली, तेव्हाही शंका विचारल्या जात होत्या, आणि विचारणाऱ्या आया चुकीच्या नव्हत्या.

संमतीपत्र वाचून किंवा ऐकून आईला कळले पाहिजे की बाळाला काय देणार आहेत, ताप आला तर कुणाला फोन करायचा, चाचणीतून मध्येच बाहेर पडता येते का, आणि इजा झाली तर भरपाई कोण देणार. असा मजकूर लिहिणे डॉक्टरांचे एकट्याचे काम नाही. या संमेलनाने लेखक, परिचारिका आणि आशाताई यांचा एक गट आजच नेमावा. पुणे जिल्ह्यातल्या चाचण्यांची मराठी संमतीपत्रे नैतिकता समितीकडे जाण्याआधी त्या गटाने गावातल्या चार बायकांना मोठ्याने वाचून दाखवावीत, त्या जिथे अडतील ते वाक्य पुन्हा लिहावे, आणि मग ते छापायला द्यावे. त्यासाठीचा ठराव दुपारच्या सत्रात मांडला जाईल. त्यावर सर्वांनी मोकळेपणाने बोलावे.