तलवार विधवेच्याच हाती का?

अध्यक्षीय भाषण गोड बोलून संपवायची आपल्याकडे रीत आहे. ती आज मोडायची आहे, कारण भांडण मराठी वाचकाशी आहे आणि तो वाचक तलवाड्याच्या याच मांडवात बसलेला आहे.

इतिहासकाळातल्या एखाद्या प्रेमकथेची नायिका घोड्यावर बसली, तलवार चालवू लागली, की आपल्या वाचनालयांतून, पारावरून, शिक्षकांच्या खोलीतून तीन मतं हमखास ऐकू येतात. पहिलं मत असं, की हे काही घडलेलं नाही, बाईला ते झेपणारंच नाही. दुसरं मत असं, की लढणारी बाई दाखवायची तर प्रेमाचं पाल्हाळ कशाला, प्रेमानं वीरांगना हलकी होते. तिसरं मत जरा खालच्या आवाजात येतं: कादंबरी चांगली आहे हो, पण बाईचं वागणं घरंदाज नाही. तिन्ही मतं चुकीची आहेत. त्यांतलं दुसरं सगळ्यांत घातक, कारण ते आदराचा आव आणून येतं.

मराठी मनानं ज्या बायकांच्या हाती आनंदानं तलवार दिली, त्यांची रांग एकदा नीट बघा. ताराबाई कधीच्या? राजाराम महाराज मार्च १७०० मध्ये सिंहगडावर गेले, त्यानंतरच्या. उमाबाई दाभाडे? नवरा खंडेराव १७२९ मध्ये वारला, मुलगा त्र्यंबकराव १७३१ मध्ये डभईला पडला, त्यानंतरच्या. इथून फार लांब नसलेल्या चौंडीची लेक अहिल्याबाई? पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात मारले गेले, सासरे मल्हारराव १७६६ मध्ये गेले, त्यानंतरच्या. झाशीच्या लक्ष्मीबाईही गंगाधरराव १८५३ मध्ये वारल्यानंतरच्याच. अहमदनगरचा किल्ला लढवणारी चांदबिबीसुद्धा अली आदिलशहा १५८० मध्ये मारला गेल्यानंतरची.

या बायकांच्या कर्तृत्वाबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्यांना निवडणाऱ्या नजरेशी. नवरा गेला, संसार आटोपला, मन मारून झालं, की मग हातात तलवार! जिचा नवरा हयात आहे, जी त्याच्यावर जीव टाकते आणि तरीही रात्री उठून छावणीचा पहारा तपासते, अशी बाई आपल्या वाचकाला पचत नाही. मग तिचं प्रेम तरी खोटं ठरतं, नाहीतर तलवार.

इतिहास मात्र या नजरेच्या बाजूनं साक्ष देत नाही. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार, मराठ्यांना शिव्याशाप देणारा. तो ताराबाईंबद्दल लिहितो की मुलकी आणि लष्करी कामातल्या जाणतेपणाबद्दल त्यांचा लौकिक नवऱ्याच्या हयातीतच झालेला होता. हयातीतच! जिंजीला मोगलांचा वेढा १६९० ते १६९८ असा चालला. त्याच काळात ताराबाई तिथे राजारामांकडे पोचल्या, १६९६ मध्ये त्यांना मुलगा झाला. ऐन विशीतली, लग्न झालेली, लेकुरवाळी बाई वेढ्यातल्या किल्ल्यावर फौज, रसद, पैसा यांचा हिशेब शिकत होती. ती १७०० साली एका रात्रीत रणरागिणी झाली नाही. पण आपल्या भाषणांतली, पोवाड्यांतली ताराबाई सुरू होते ती सिंहगडावरच्या त्या मृत्यूपासून. जिंजीची वर्षं कुणी मागत नाही, म्हणून लेखकही लिहीत नाही.

आता मस्तानी. हिच्यापाशी येऊन मराठी वाचकाची खरी परीक्षा होते आणि तो नापास होतो.

पालखेडला निजामाला कोंडीत पकडून बाजीरावानं मार्च १७२८ मध्ये मुंगी-शेवगावचा तह करून घेतला. ते मुंगी इथून जवळच, याच गोदाकाठचं. दुसऱ्याच वर्षी तो छत्रसालाच्या मदतीला बुंदेलखंडात गेला आणि मस्तानी त्याच्या आयुष्यात आली. परंपरा तिला घोड्यावर बसणारी, शस्त्र चालवणारी, मोहिमेत सोबत राहणारी म्हणते. तिला मुलगा झाला, समशेरबहाद्दर. तो १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूनं लढून कामी आला. बाजीराव मोहिमेवर असताना घरच्यांनी तिला नजरकैदेत टाकलं. २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला बाजीराव गेला आणि पाठोपाठ तीही गेली. तिची कबर पुणे जिल्ह्यात पाबळला आहे.

ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ १९७२ साली आली. लोकांनी ती डोक्यावर घेतली आणि तरीही कित्येकांच्या तोंडी मस्तानी ‘कंचनी’च राहिली. द. ग. गोडसे यांनी १९८९ मध्ये तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहून या बदनामीचा समाचार घेतला. ‘राऊ’ ज्यांनी दोनदा-तीनदा वाचली, त्यांतल्या किती जणांनी गोडसे उघडले? पुढे डिसेंबर २०१५ मध्ये त्याच कादंबरीवरचा हिंदी चित्रपट आला. त्यात मस्तानी चिलखत घालून थेट बाजीरावाच्या छावणीत घुसते. ही उघड उघड पटकथाकाराची रचना होती. पण महाराष्ट्रात निदर्शनं झाली, संताप झाला, तो सगळा ‘पिंगा’ या गाण्यावर: बाजीरावाची बायको काशीबाई मस्तानीसोबत नाचते कशी? पेशव्याच्या घरची बाई नाचली तर इतिहास बुडाला, आणि बुंदेलखंडाची मुलगी चिलखतात आली त्याची कुणाला फारशी फिकीर नव्हती. ज्यांना इतिहासाची एवढी चाड, त्यांनी ती दोन्हीकडे दाखवायला हवी होती.

आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांचं कपाट उघडा आणि नुसती नावं वाचा. ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, ‘झुंज’, ‘झेप’, ‘छावा’, ‘संभाजी’. मस्तानीच्या प्रेमाची गोष्ट, तिचंही नाव ‘राऊ’. अहिल्याबाईंवर विजया जहागीरदारांनी मनापासून कादंबरी लिहिली, तिचं नाव ‘कर्मयोगिनी’. बाईला स्वतःची कादंबरी मिळाली ती योगिनी म्हणून. पुरुषाला मात्र योगी असूनही संसार, हौस, राग, लोभ, सगळं माफ असतं.

‘स्वामी’चं तर या गेवराई तालुक्याशी जवळचं नातं. १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यानं निजामाच्या फौजेचा मोड केला तो इथल्या राक्षसभुवनाला. रणजित देसाईंच्या कादंबरीतली रमा घराघरात पोचली. थेऊरला ती सती जाते ती पानं वाचून न रडलेला वाचक विरळा. त्या रडण्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण साठ वर्षं उलटून गेली तरी मराठी प्रेमकथेतली आदर्श बाई आपल्या मनात अजून तीच असावी, वाट पाहणारी आणि शेवटी चितेवर चढणारी, हा दोष देसाईंचा नाही. तो वाचकाच्या मागणीचा आहे.

‘बाईला झेपणार नाही’ हे मत तर बीड जिल्ह्यात बोलायची हिंमत होते कशी, याचंच नवल वाटतं. दसरा झाला की गेवराई तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादम उचल देतो ती जोडप्याला, आणि नवरा-बायको मिळून धरतात एक ‘कोयता’. बाई पहाटे अंधारात भाकरी थापते, मग फडात वाकून तोडते, मोळ्या बांधते आणि ती मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकात चढते. फळी दवानं ओली असते, पाय सरकला तर मानेवर ओझं. ज्यानं हे रोज डोळ्यांनी पाहिलंय, त्यानं कादंबरीतल्या मुलीच्या हातातली तलवार जड आहे म्हणू नये. शिवाय तो ‘कोयता’ शब्द काय सांगतो? मेहनत दोघांची एकत्र, संसार एकत्र. ऊस तोडायला बाईनं आधी विधवा व्हावं लागत नाही.

पुरावाच हवा असेल तर कागलच्या घाटग्यांची लेक बायजाबाई घ्या. १७९८ मध्ये पुण्यात तिचं दौलतराव शिंद्यांशी लग्न झालं. नवऱ्याच्या गळ्यातला ताईत होती आणि घोडा, भाला, तलवार यांत तरबेजही होती. उतारवयात ती उत्तरेत असताना फॅनी पार्क्स ही इंग्रज प्रवासी बाई तिला भेटली. दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसायची विलायती रीत बायजाबाईच्या गोटातल्या बायकांना विचित्र वाटली. मग पार्क्सबाईनंच मराठी वेष चढवला, मराठी पद्धतीनं मांड ठोकून घोडा फिरवला आणि हे सगळं आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलं.

याच शिंद्यांच्या छावणीतली १८०९ सालची आणखी एक हकिगत ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्रांत आहे. जोरावरसिंग नावानं शिपाईगिरी करणारा एक जवान मुलगी निघाली. भाऊ भोपाळात कर्जापायी कैदेत होता, त्याला सोडवायला पैसा हवा म्हणून तिनं पुरुषवेष घेतलेला. भेद फुटल्यावर तिला हाकललं नाही. शिंद्यांनी पैसा दिला आणि भोपाळच्या नबाबाला पत्र दिलं. परक्या माणसानं चार ओळींत टिपलेलं हे कथाबीज. मराठी कादंबरीकाराला आणखी काय ताटात वाढून हवं?

‘घडलं का?’ हा प्रश्न वाईट नाही. तो कसा विचारावा हे मराठवाड्यानंच दाखवलंय. नरहर कुरुंदकरांनी ‘श्रीमान योगी’साठी रणजित देसाईंना लिहिलेलं दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून छापलं गेलं. असा वाचक लेखकाला घाम फोडतो, साधनं तपासायला लावतो. आपण विचारतो ते भलतंच. आपल्याला घडल्या-न घडल्याशी देणंघेणं नसतं, आपल्याला शोभलं की नाही एवढंच बघायचं असतं.

ही खोड जुनी आहे. सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वी हा गोदाकाठ देवगिरीच्या यादवांचा होता. राजा महादेव यादव आणि वारंगळची काकतीय राणी रुद्रमादेवी यांचं युद्ध झालं. यादवांचा मंत्री हेमाद्री प्रशस्तीत लिहितो की महादेवानं तिला बाई म्हणून सोडून दिलं. तेलुगू परंपरा सांगते की तिनं महादेवाला थेट देवगिरीपर्यंत पिटाळलं आणि खंडणीत सोनं घेतलं. बीदरच्या किल्ल्यात तिच्या सरदाराचा शिलालेख सापडलाय, म्हणजे तिची फौज एवढ्या आत आली होती खरी. आपल्या वाचकाला हेमाद्री सोयीचा वाटतो, कारण त्यात पुरुषाचा पराभवही उदारपणा होऊन जातो. आणि मार्को पोलो? त्यानं रुद्रमादेवीच्या कारभाराची तोंडभरून स्तुती केली, पण तिला राजाची विधवा म्हणून टाकलं. ती राजा गणपतिदेवाची मुलगी होती! राज्य करणारी बाई दिसली की तिचा नवरा मेलेलाच असणार, हा हिशेब व्हेनिसच्या माणसाच्याही डोक्यात पक्का होता. तेलुगूत अडवि बापिराजूंनी ‘गोन गन्नारेड्डी’मध्ये याच रुद्रमेला शौर्य आणि शृंगार दोन्ही असलेल्या कादंबरीत आणलं. शेजारच्या भाषेला जमतं.

लेखकांनी मात्र खुशीत येऊ नये. वाचक अडाणी मतं देतो त्याला त्यांची लेखणीही कारण आहे. नायिकेची कंबर आणि पापण्या यांवर तीन पानं, आणि तिच्या घोड्याला वैरण कुठून आली यावर एक ओळ नाही. चांदबिबीचंच बघा. १५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंग उडवून नगरच्या किल्ल्याची भिंत फोडली. सगळे लेखक तिथे धावतात ते तोफेतून सोन्याची नाणी डागल्याच्या दंतकथेकडे. खरी गोष्ट त्या रात्रीची आहे. दिवसभर तिनं खिंडार अडवून धरलं आणि अंधार पडल्यावर स्वतः उभी राहून पडलेली भिंत पुन्हा बांधून घेतली. दगड, माती, हाताला लागेल ते. सकाळी मोगलांना खिंडार बुजलेलं दिसलं. गवंडी, पाणी वाहणारे, मशाली, तिचा बसलेला आवाज, पायाखालचा चुना यांचं वर्णन जो करील, त्याच्या नायिकेला कुणी ‘झेपणार नाही’ म्हणणार नाही. आणि चारच वर्षांनी, १६०० मध्ये, फितुरीचा आळ घेऊन तिच्याच शिपायांनी तिला मारलं. बाईबद्दलचं मत कसं फिरतं आणि किती महाग पडतं, हे त्याहून वेगळं काय सांगायचं?

म्हणून तलवाड्यात, त्वरितादेवीच्या गावात, लिहित्या पोरा-पोरींपुढे एक विषय टाकायचा आहे. देवीच्या हातातलं शस्त्र आपल्याला कधी खटकलं नाही. योगेश्वरीचं लग्न मोडलं, ती अंबाजोगाईला कुमारिकाच राहिली, ही कथाही आपण भक्तीनं ऐकतो. आता माणसातली बाई घ्या. राक्षसभुवन घ्या. ऑगस्ट १७६३, गोदावरीला पाणी, निजाम काही फौजेनिशी पलीकडे गेलेला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर बाकीच्या फौजेसह या काठावर अडकलेला. मराठ्यांनी नेमक्या त्या वेळी गाठलं, विठ्ठल सुंदर पडला. दोन्ही गोटांत बाजारबुणगे होते, बायका होत्या, पोरं होती. त्या गोटातली एक बाई कादंबरीची नायिका करा. तिचं कुणावर तरी प्रेम असू द्या, ते लपवू नका. चिखलात तिचा घोडा रुततो तेव्हा ती काय करते ते लिहा. शेवटच्या प्रकरणात तिला चुलीपुढे बसवू नका. आणि तिच्या हाती तलवार देण्यासाठी तिचा नवरा मारू नका.