सुरगाठ आणि निरगाठ

रात्रीचे साडेदहा वाजून गेलेत, मुलं झोपली असतील. तेव्हा जरा मोकळेपणानं बोलते.

काही वर्षांपूर्वी दवाखान्यात एक जोडपं आलं. बाईंच्या अंगठ्याची मागची बाजू बधिर झालेली. "बसमध्ये हात आपटला," यजमान म्हणाले. बाई मात्र हसल्या. "डॉक्टर, खरं सांगू? ओढणीनं हात बांधले होते. गंमत म्हणून, दोघांच्या मर्जीनं." यजमान कॅलेंडरमधल्या सुट्ट्या मोजू लागले.

दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीनं बंद दाराआड काय करावं, यावर मला काही म्हणायचं नव्हतं. माझं भांडण होतं गाठीशी. सुळसुळीत ओढणी ताणली की तिची दोरी होते. मनगटाशी, अंगठ्याच्या बाजूला, एक मज्जातंतू अगदी कातडीखालून जातो. तोच दबला होता. बधिरपणा जायला दोन महिने लागले.

आपल्या आज्यांना गाठी कळत होत्या. परकराच्या नाडीची सुरगाठ एक टोक ओढलं की सुटते. निरगाठ नखं मोडली तरी सुटत नाही. आणि सरकफास ओढू तितका आवळतो. तो माणसाच्या अंगाला लावूच नये. कापड सुती आणि रुंद घ्यावं, आत दोन बोटं सहज जावीत. बांधलेल्या हातांवर शरीराचा भार टाकू नये. मानेभोवती काहीही नको, सैलसुद्धा नको. बँडेज कापायची बोथट टोकाची कात्री हाताशी असावी, आणि वेळ आली तर पैठणीचा तुकडा असला तरी कापावा.

हात निळा किंवा गार पडला तर जोडीदाराला कळतं. पण मज्जातंतू दबताना वरून काहीच दिसत नाही. मुंग्या येतात किंवा बधिर वाटतं, आणि ते बांधलेल्यालाच कळतं. म्हणून त्यानं लगेच सांगायचं, दुसऱ्यानं लगेच सोडायचं. "आणखी एक मिनिट" नाही. खेळात "नको" लाडानंही म्हटलं जातं, म्हणून थांबायचा शब्द भलताच ठरवावा. या दोघांनी ठरवला "भरली वांगी". काय चालेल, काय नाही, हे दिवसाउजेडी, चहा पिताना बोलून घ्यावं. दारू पिऊन हा खेळ नाही. आणि बांधलेल्या माणसाला एकटं सोडून जायचं नाही, दाराची बेल वाजली तरी.

प्रणयात जपून राहावं, हे काही आजकालचं खूळ नव्हे. कामसूत्रात प्रणयातल्या प्रहारांविषयी लिहिताना वात्स्यायन थेट नावं घेऊन सावध करतो: कुंतलाचा राजा शातकर्णी सातवाहन, त्याच्या हातून 'कर्तरी' नावाच्या प्रहारानं राणी मलयवती गेली. सातवाहन म्हणजे आपल्या पैठणचे. राणीकडे थांबायचा शब्द होता का, हे ग्रंथात नाही.

पुन्हा तपासायला ते दोघं आले तेव्हा मी विचारलं, "कात्री घेतली?"

"घेतली. उशाशीच असते," बाई म्हणाल्या. "सासूबाई विचारत होत्या, शिवणाचा क्लास कधी लावलास?"