तपासायला उस्ताद असावं लागत नाही

(नागपूर येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यापैकी बरेच जण कोड लिहायला शिकत आहेत. ओपन सोर्स प्रकल्पात एखादी दुरुस्ती पाठवायची हिंमतही काहींनी केली असेल. पण दुसऱ्याचा कोड तपासा म्हटलं, की माना खाली जातात. “आम्ही कालची पोरं, मोठ्यांचं काम काय तपासणार?”

या संकोचाची किंमत काय असते, ते आधी सांगतो. ओपनएसएसएल हे इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारं सॉफ्टवेअर. २०११च्या ३१ डिसेंबरला त्यात नवा कोड जमा झाला. तो तपासला गेला होता, पण एकाच माणसाकडून. चूक साधी होती. समोरचा संगणक काही अक्षरं पाठवतो, ती किती आहेत ते सांगतो आणि तेवढी परत मागतो. प्रोग्रॅम त्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा. चार अक्षरं पाठवून चौसष्ट हजार मागितली, तर उरलेली तो स्वतःच्या मेमरीतून काढून द्यायचा. त्यात लोकांचे पासवर्डही असू शकत होते. ‘हार्टब्लीड’ नावाने ही चूक एप्रिल २०१४मध्ये जगासमोर आली. तोवर सव्वादोन वर्षं कोड सगळ्यांसाठी खुला होता. पण कोड खुला असणं वेगळं आणि तो कुणी वाचणं वेगळं. “हा आकडा खरा आहे की नाही, हे कुठे तपासलंय?” एवढा प्रश्न पुरेसा होता. तो विचारायला वीस वर्षांचा अनुभव लागत नाही.

उलट काही गोष्टी तुम्हालाच आधी दिसतील. ‘वऱ्हाड’ किंवा ‘मोमिनपुऱ्यात’ हे शब्द घ्या. मराठी न जाणणाऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम ‘वर्हाड’ दाखवेल आणि त्याला काही खटकणारही नाही. तुम्हाला लगेच खटकेल. उर्दूतलं ‘सय्यद’ पाहा. मधला ‘ये’ उर्दू कीबोर्डने लिहा किंवा अरबी, डोळ्यांना सारखाच दिसतो. युनिकोडमध्ये मात्र ती दोन वेगळी अक्षरं आहेत. प्रोग्रॅमने याची दखल घेतली नसेल, तर यादीत असलेलं नाव शोधताना सापडत नाही. मराठी आणि उर्दू दोन्ही वाचणारा नागपूरचा मुलगा किंवा मुलगी इथे नवखी नाही, जाणकार आहे.

मग सुरुवात कशी करायची? वीस-तीस ओळींचा लहान बदल निवडा. तो आपल्या संगणकावर चालवून पाहा. काय केलं, काय दिसलं, ते लिहा. लिनक्स कर्नलमध्ये बदल चालवून पाहणाऱ्याचं नाव ‘टेस्टेड-बाय’ म्हणून बदलासोबत नोंदवतात. विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो, तिथे खातं असलेला कुणीही बदलाला ‘+१’ देऊ शकतो. त्याचा अर्थ, मला ठीक वाटतं, पण शेवटची मंजुरी दुसऱ्याने द्यावी. म्हणजे नवख्यांसाठी जागा आधीच ठेवलेली आहे.

दोन पथ्यं पाळा. जे समजलं नाही, त्याला ‘ठीक आहे’ म्हणू नका. “ही ओळ मला समजली नाही” असं लिहा. तो प्रश्न वाचून लिहिणाऱ्यालाच कधी चूक दिसते, कधी निदान एखादं स्पष्टीकरण तो जोडतो. आणि बोलायचं ते ओळीबद्दल, माणसाबद्दल नाही. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालेल. म्हणणं नेमकं हवं.

इथे बसलेल्या अनुभवी मंडळींनाही एक विनंती. नवख्याने प्रश्न विचारला, तर उत्तर द्या, भले तो प्रश्न चुकीचा असो. उत्तर न मिळालेला मुलगा तक्रार करत नाही. तो परत येत नाही, एवढंच. मग पुन्हा सगळं ओझं त्याच दोन-तीन थकलेल्या डोळ्यांवर पडतं.

या आठवड्यात प्रत्येकाने एक लहान बदल वाचायचा आणि एक प्रश्न लिहायचा. मान्यतेची घाई नको. प्रश्न मात्र मनात ठेवू नका.