पत्त्यातली वेस



मी राहतो उल्हासनगर कॅम्प चारमध्ये. लहानपणी आमच्या चाचांनी गावाहून एक पत्र पाठवलं. बॅरेक नंबर लिहिला, खोली नंबर लिहिला, 'उल्हासनगर' लिहिलं, आणि पुढचा '४' तेवढा राहून गेला. पत्र बरेच दिवस गावभर फिरलं. ते घरी आलं तेव्हा ज्या लग्नाचं त्यात आमंत्रण होतं ते लग्न होऊन गेलं होतं. अम्मी पुढे कितीतरी दिवस म्हणायची, "एका आकड्यापायी जेवण बुडालं!"

त्या आकड्याची आठवण मला गेल्या वर्षी झाली, तीही एका कॉम्प्युटरसमोर. आमच्या वस्तीतल्या मुलांसाठी एक छोटी अभ्यासिका आहे. मी तिथे संध्याकाळी बसतो. एका रात्री एक मुलगी धावत आली. सकाळी तिची भरतीची लेखी परीक्षा होती आणि प्रवेशपत्राची छापील प्रत हवी होती. झेरॉक्सची दुकानं बंद झालेली. अभ्यासिकेत कॉम्प्युटर चालू, इंटरनेट चालू, प्रवेशपत्र पडद्यावर स्वच्छ दिसतंय, पण व्हरांड्यातला प्रिंटर काही केल्या कागद बाहेर टाकेना. कार्यालयातल्या यंत्रावरून छापता आलं असतं, पण कार्यालयाला कुलूप आणि किल्लीवाले गृहस्थ गावी. त्याच दुपारी एक तंत्रज्ञ येऊन 'नेटवर्कचे भाग पाडून देतो' म्हणाला होता आणि देऊन गेला होता.

शेवटी भाचीला फोन केला. ती नेटवर्किंगचं काम करते. आली, दोन-चार बटणं दाबली आणि म्हणाली, "मामू, याचा पत्ता बरोबर आहे. पण आपला कॅम्प कुठे संपतो, ते याला ठाऊक नाही."

मग तिने मला जे समजावलं, ते आज तुम्हांला सांगतो.

नेटवर्कमधल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो. आमच्या कॉम्प्युटरचा होता १९२.१६८.१.७०. चार आकडे, मध्ये टिंबं. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्यामधला. या पत्त्याचे मनातल्या मनात दोन तुकडे करायचे. पुढचा तुकडा सांगतो वस्ती कोणती, मागचा सांगतो खोली कोणती. आमच्याकडे नाही का, पाच नंबरची खोली प्रत्येक बॅरेकमध्ये असते! बॅरेक कळल्याशिवाय त्या पाचाला अर्थ नाही.

पण वस्ती कुठे संपते आणि खोली कुठे सुरू होते, हे नुसत्या पत्त्यावरून कळत नाही. ते सांगायला दुसरी एक संख्या लागते. तिला सबनेट मास्क म्हणतात. मी तिला वेस म्हणतो. मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर पहिले तिन्ही आकडे वस्तीचे आणि शेवटचा खोलीचा. म्हणजे एका वस्तीत २५६ पत्ते. त्यांतला पहिला वस्तीचंच नाव म्हणून राखून ठेवतात आणि शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारण्यासाठी. उरले २५४.

आता या २५६ चे चार भाग कसे पाडायचे? इथे मला माझा छंद कामी आला. कॉम्प्युटरला शून्य आणि एक एवढेच कळतात, तसे वृत्तात लघू आणि गुरू. आठ अक्षरांची ओळ घेतली तर लघु-गुरूंच्या २५६ तऱ्हा होतात. असली मोजणी पिंगळाच्या छंदःशास्त्रात फार पूर्वीपासून आहे. आता पहिली दोन अक्षरं बांधून टाका. लघु-लघु, लघु-गुरू, गुरू-लघु, गुरू-गुरू असे चार गट पडतात आणि प्रत्येक गटात ६४ तऱ्हा उरतात. सबनेट पाडणं म्हणजे एवढंच! ० ते ६३, ६४ ते १२७, १२८ ते १९१, १९२ ते २५५. बांधलेल्या दोन अक्षरांची किंमत १२८ अधिक ६४, म्हणजे १९२. म्हणून नवा मास्क झाला २५५.२५५.२५५.१९२. प्रत्येक भागाचे दोन पत्ते राखीव जाऊन ६२ हाती येतात. चारांचे मिळून २४८. आधी २५४ होते, सहा गेले. भिंत बांधली की तिच्या जाडीएवढी जागा जायचीच.

मग भाग पाडायचे कशाला? दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बॅरेकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. एका लांब बॅरेकीत अनेक बिऱ्हाडं. एकाने 'पाणी आलं!' म्हटलं की सगळे जागे. नेटवर्कमध्येही तसंच असतं. एका वस्तीतली यंत्रं एकमेकांना शोधताना मोठ्याने हाक मारतात आणि ती सगळ्यांना ऐकावी लागते. यंत्रं वाढली की गलका वाढतो. भाग पाडले की हाक आपापल्या भागात राहते. एकीकडे बिघाड झाला तर दुसरीकडे पसरायला अडसर होतो. मुलांच्या यंत्रांवरून कार्यालयाच्या कागदांत कुणी डोकावू नये, असा बंदोबस्तही त्या वेशीवर करता येतो.

आणखी एक कारण काटकसरीचं. १९८१ मध्ये ठरलेल्या या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. सुरुवातीला ते तीन ठरीव मापांत वाटत. लहान माप २५४ यंत्रांचं, मधलं ६५ हजारांचं, मोठं दीड कोटीच्याही वरचं. तीनशे यंत्रं असली तर लहान माप पुरेना, मधलं घेतलं तर बाकीचे पत्ते पडून राहत. १९८५ मध्ये मिळालेल्या मापाचे आत भाग पाडण्याचा नियम झाला आणि १९९३ मध्ये ती ठरीव मापंच मोडीत निघाली. हवं तिथे वेस घालायची मोकळीक मिळाली. तरीही २०११ च्या फेब्रुवारीत मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले. म्हणून आता जुन्यासोबत नवी, कितीतरी लांब पत्त्यांची पद्धतही चालते.

हे ऐकताना मला पिनकोड आठवला. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला. तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर सरकारी अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही! आमचा पिन ४२१००४. दूरच्या गावी पत्रं निवडणाऱ्याला लालचक्की कुठे, सुभाष टेकडी कुठे, हे माहीत असायची गरज नाही. त्याने पहिले आकडे पाहायचे आणि थैली या दिशेला लावायची. शेवटचा '४' पाहायचा तो इथल्या माणसाने. ज्याने त्याने आपल्या कामापुरतं वाचायचं. इंटरनेटवरची पाकिटंही याच हिशेबाने प्रवास करतात.

आता आमच्या प्रिंटरकडे येऊ. त्याचा पत्ता शेवटी २०, म्हणजे पहिल्या भागात, कार्यालयाकडे. आमचा कॉम्प्युटर ७०, दुसऱ्या भागात. तंत्रज्ञाने भाग पाडले, पण मुलांच्या खोलीतल्या यंत्रांवर मास्क जुनाच राहिला. त्यामुळे ७० नंबरला वाटे, २० तर आपल्याच वस्तीतला! तो आपल्याच गल्लीत हाका मारत राहिला. प्रिंटर वेशीपलीकडे, त्याला ऐकू कसं जाणार? इंटरनेट मात्र चालत होतं, कारण ते बाहेरचं आहे हे त्याला कळत होतं. बाहेरचं पाकीट तो निमूटपणे दारावर, म्हणजे राउटरकडे देत होता.

भाचीने शेवटच्या शून्याच्या जागी १९२ लिहिलं. क्षणात ७० नंबरला उमगलं की २० पलीकडे राहतो. त्याने पाकीट दारावर दिलं, राउटरने ते पलीकडे पोचवलं आणि व्हरांड्यात प्रिंटर घरघरला. मुलीने प्रवेशपत्र ओढणीखाली धरलं, कारण बाहेर पाऊस होता, आणि ती धावतच गेली.

फाळणीतून वसलेल्या गावात राहणारा मी, 'विभागणी' हा शब्द जपून उच्चारतो. म्हणून भाचीला विचारलं, भाग पाडताना सगळ्यांत जास्त काय चुकतं? ती म्हणाली, "दोन गोष्टी. वेस कुठे आहे ते चुकीचं लिहितात, नाहीतर दाराचा पत्ता लिहायचाच विसरतात."

अभ्यासिकेच्या भिंतीवर आता एक कागद चिकटवला आहे. त्यावर चार भाग, त्यांचे आकडे आणि प्रत्येकापुढे त्याच्या दाराचा पत्ता. दाराचा पत्ता मी लाल शाईने लिहिला आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)