दिव्यांग बालकांचे पोषण : ताटातला घास पोटात जावा



पनवेल तालुक्यातील करंजाडे हे गाव आज नवी मुंबईच्या आखीव वसाहतीचा भाग झाले आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि पुढे या परिसराचे रूप पालटत गेले. जुन्या गावठाणाभोवती आता उंच इमारती उभ्या आहेत. विमानतळासाठी उठलेल्या गावांतील काही कुटुंबेही याच परिसरात वसली आहेत. परंतु या इमारती बांधणारा मजूर कुटुंबकबिल्यासह बांधकामाशेजारच्या झोपडीत राहतो, आणि तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, प्रबळगडाच्या बाजूस, ठाकर व कातकरी बांधवांच्या वाड्या आहेत. झोपडी असो वा वाडी, तेथील एक बालक सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही. ते चालत नाही, बोलत नाही, म्हणून अंगणवाडीत येत नाही. आणि येत नाही म्हणून त्याचे वजनही होत नाही. अशा दिव्यांग बालकाच्या आहाराचा प्रश्न हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांपैकी शेकडा ६९ ग्रामीण भागात राहत होत्या, तर सहा वर्षांपर्यंतच्या दिव्यांग बालकांची संख्या २० लाखांहून अधिक होती. युनिसेफने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक अहवालानुसार, इतर बालकांच्या तुलनेत दिव्यांग बालके उंचीने खुजी राहण्याची शक्यता ३४ टक्क्यांनी, तर उंचीच्या मानाने कृश राहण्याची शक्यता २५ टक्क्यांनी अधिक असते.

हे कृशपण अपंगत्वाचाच एक भाग आहे, अशी समजूत घरोघरी आढळते. “त्याचे अंगच तसे आहे,” असे आई म्हणते, शेजारी म्हणतात आणि कधीकधी वजन घेणारेही म्हणतात. हीच समजूत सर्वांत घातक होय. बालकाचे अपंगत्व बरे होईल अथवा होणार नाही. त्याची उपासमार मात्र निश्चित दूर करता येते.

घास कोठे अडतो?

मेंदूच्या पक्षाघाताने पीडित असलेल्या बालकाचे उदाहरण घेऊ. त्याची मान स्थिर राहत नाही आणि जीभ घास बाहेर लोटते. चावणे व गिळणे या क्रियांचा मेळ बसत नाही. त्याला एक वेळ भरवावयास तासभर लागतो. रोजंदारीवर जाणाऱ्या मातेपाशी तेवढा वेळ नसतो. मग ती सोपा उपाय म्हणून पातळ पेज पाजते. पोट भरते, मूल शांत होते. परंतु पेजेत पाणीच अधिक असल्याने शरीरास उष्मांक पुरेसे मिळत नाहीत. त्यातच आडवे निजवून पाजल्यास अन्न श्वासनलिकेत जाते, खोकला व न्यूमोनिया जडतो, आणि प्रत्येक दुखण्याबरोबर वजन आणखी घटते. घरात तांदूळ असतानाही बालक उपाशी राहते ते असे.

याचा दुसरा पैलूही ध्यानात घ्यावयास हवा. अपंगत्वातून कुपोषण येते, तसेच कुपोषणातूनही अपंगत्व येते. अ जीवनसत्त्वाच्या अभावी रातांधळेपणा व पुढे अंधत्व येते. गर्भवतीच्या आहारात आयोडीन नसल्यास बालकाच्या बुद्धीची वाढ खुंटते. फॉलिक आम्लाची उणीव असल्यास गर्भाच्या मज्जारज्जूत दोष राहण्याचा धोका वाढतो. म्हणूनच आयोडीनयुक्त मीठ, गर्भवतीला लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या आणि बालकाला अ जीवनसत्त्वाच्या मात्रा देणे हे अपंगत्व टाळण्याचेही उपाय आहेत.

घरच्या घरी काय करता येईल?

पहिली गोष्ट बसविण्याची. बालकाला भिंतीच्या कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना गोधडीच्या गुंडाळ्या लावून, पाठ टेकवून बसवावे. अथवा मातेने मांडीवर घेऊन त्याची पाठ व मान सावरावी. मान किंचित पुढे झुकलेली असावी, मागे कलंडलेली नसावी. चमचा समोरून न्यावा, घास लहान असावा, आणि पहिला गिळल्यावाचून दुसरा देऊ नये. जेवणानंतर अर्धा तास तरी बालकास आडवे करू नये.

दुसरी गोष्ट अन्नाच्या घट्टपणाची. गिळण्यास त्रास होणाऱ्या अनेक बालकांना पाण्यासारख्या पातळ पदार्थापेक्षा गुळगुळीत, दाटसर अन्न सोपे जाते. वरणात कुस्करलेला मऊ भात, नाचणीचे दाट सत्त्व, शिजवून घोटलेली वालाची डाळ, कुस्करलेले केळे वा उकडलेले अंडे हे पदार्थ या भागात परके नाहीत. भाजून बारीक कुटलेली सुकट भातात मिसळल्यास प्रथिने मिळतात. अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, ते घशात अडकतात. त्यांचे बारीक वाटण द्यावे.

तिसरी गोष्ट थोडक्या घासात अधिक पोषण सामावण्याची. जे बालक चारच घास घेते, त्याच्या त्या चार घासांत कस असला पाहिजे. चहाचा एक चमचा तेल वाटीभर भातात घातले तर सुमारे ४० उष्मांक वाढतात. दिवसातून दोन वेळा पोटभर भरविण्याच्या खटाटोपापेक्षा पाच-सहा वेळा थोडेथोडे भरविणे हिताचे. हे काम एकट्या मातेवर न टाकता आजी, वडील व मोठी भावंडे यांनी वाटून घ्यावे. भरविताना बालक वारंवार ठसकत असेल, तर मात्र विलंब न लावता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

शासनाच्या सेवा आणि समाजाचे कर्तव्य

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बाल विकास सेवा योजनेचा आरंभ झाला. सहा वर्षांखालील बालकास अंगणवाडीचा पूरक आहार मिळण्यासाठी अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची अट नाही, ही गोष्ट प्रत्येक पालकास ठाऊक असावी. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे, म्हणजे महाराष्ट्राच्याच भूमीवर, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. त्यानुसार वैद्यकीय पथकाने वर्षातून दोन वेळा अंगणवाडीतील बालकांची तपासणी करावयाची असते व दोष आढळलेल्या बालकास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावयाचे असते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धती केंद्र शासनाने जाहीर केली. लवकर ओळख, अंगणवाडीत समावेश व कुटुंबाला बळ, आणि पुढील उपचारांशी जोडणी या तिच्या तीन पायऱ्या आहेत.

तथापि पथक अंगणवाडीत येते आणि बालक घरात असते, तेव्हा ही साखळी पहिल्याच कडीपाशी तुटते. ती जोडण्यास मोठा खर्च लागत नाही. उभे राहू न शकणाऱ्या बालकाला मातेच्या कडेवर देऊन दोघांचे वजन करावे व त्यातून मातेचे वजन वजा करावे. हातपाय आखडलेल्या बालकाची उंची नीट मोजता येत नाही. तेथे दंडघेराची पट्टी उपयोगी पडते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरल्यास ते तीव्र कुपोषित समजावे व त्याच्या उपचाराची तत्काळ व्यवस्था करावी. कातकरी कुटुंब वीटभट्टीवर निघाले वा मजुरांचे बिऱ्हाड दुसऱ्या बांधकामावर हलले, तर बालकाची नोंदही त्याच्यामागून नव्या ठिकाणच्या अंगणवाडीत जावी. २०२१ पासून वापरात आलेल्या पोषण ट्रॅकरमध्ये तशी सोय आहे.

अंगणवाडी ही कल्पना याच राज्यात, ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या बोर्डी-कोसबाडच्या कार्यात रुजली. जे मूल शाळेपर्यंत येत नाही, त्याच्या अंगणापर्यंत शाळेने जावे, हे तिचे मर्म होते. दिव्यांग बालकाच्या बाबतीत आणखी एक पाऊल पुढे टाकून उंबरठा ओलांडावा लागेल. वाटप किती झाले याची नोंद वहीत होतच असते. त्यातले बालकाच्या पोटात किती गेले, हे त्याच्या शेजारी बसून पाहिल्यावाचून कळणार नाही.